प्रायमरी न थांबवता स्टँडबाय: पाठ्यपुस्तकातली गाळलेली जागा

मागच्या उन्हाळ्यात मी अमडापूरला घरी होतो. अवकाळी वादळ झालं, डीपी जळाली आणि आमच्या भागातली लाईट गेली. घरातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर मी आमच्या प्रयोगशाळेतल्या डेटाबेसचा स्टँडबाय चालवत होतो. तो अर्थातच बंद पडला. मला फार काळजी वाटली नाही. स्टँडबाय म्हणजे बाराव्या नंबरचा खेळाडू, तो आजारी पडला म्हणून मॅच थांबत नाही, असा माझा साधा हिशोब होता. चौथ्या दिवशी दुपारी ज्युनिअरचा फोन आला: "दादा, मेन सर्व्हर बसलाय. स्टार्टच होत नाहीये."

बारावा खेळाडू घरी बसला आणि मॅच थांबली. हे कसं झालं ते पुढे सांगतो. पण त्या रात्री मोबाईलच्या उजेडात मी एम.एस्सी.चं जुनं पाठ्यपुस्तक उघडलं आणि लक्षात आलं की या विषयावरचा धडा मी परीक्षेसाठी तीनदा वाचलाय, पण एकदाही प्रश्न विचारत वाचलेला नाही. पेट किंवा नेटची तयारी करणारे तुम्हीही तेच पुस्तक वाचत असणार. म्हणून आज त्या धड्याचंच परीक्षण करू.

पुस्तक काय देतं

पुस्तक म्हणजे सिल्बरशॅट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांचं 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स'. तिसरे लेखक एस. सुदर्शन आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. धडा रिकव्हरीचा: सहाव्या आवृत्तीत १६ वा, सातव्या आवृत्तीत १९ वा. त्यात 'रिमोट बॅकअप' नावाचा भाग आहे. आपण ज्याला स्टँडबाय म्हणतो, तेच हे. एका ठिकाणी प्रायमरी काम करतो, दुसऱ्या ठिकाणी त्याची प्रत असते, आणि प्रायमरीवर लिहिली जाणारी लॉगची प्रत्येक नोंद प्रतीकडे पाठवली जाते. प्रायमरी गेला की प्रत त्याची जागा घेते.

आधी जे चांगलं आहे ते सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. पुस्तक चार प्रश्न मांडतं: प्रायमरी पडलाय हे कळणार कसं, सूत्रं दुसऱ्याकडे जाणार कशी, त्याला उभं राहायला किती वेळ लागेल, आणि ट्रान्झॅक्शन पक्कं झालं असं कधी म्हणायचं. शेवटच्या प्रश्नाला पुस्तक तीन उत्तरं देतं. पहिलं वन-सेफ: नोंद प्रायमरीवर लिहिली की झालं. दुसरं टू-व्हेरी-सेफ: दोन्हीकडे लिहिली तरच झालं, मग एक जरी बंद असला तरी काम थांबतं. तिसरं टू-सेफ: दोघे चालू असतील तर दोन्हीकडे, एकटा प्रायमरी उरला तर त्याच्या एकट्याच्या भरवशावर.

ही वर्गवारी आजही लागू पडते. ओरॅकलच्या डेटा गार्डमधले मॅक्सिमम परफॉर्मन्स, मॅक्सिमम प्रोटेक्शन आणि मॅक्सिमम अव्हेलेबिलिटी हे तीन प्रकार म्हणजे बहुतांशी हीच तीन उत्तरं, नाव बदलून. पोस्टग्रेस-एसक्यूएलमध्ये काहीच न बदलता स्टँडबाय जोडला तर तो वन-सेफ असतो. एकच सिंक्रोनस स्टँडबाय नेमला आणि तो गायब झाला, तर कमिट त्याची वाट पाहत अडकून बसतं, म्हणजे टू-व्हेरी-सेफ. नवं उत्पादन हातात आलं तरी जुन्या पुस्तकातला नकाशा चालतो, हे त्या लेखकांचं यश आहे.

गाळलेली जागा

आता प्रश्न. रिमोट बॅकअपचा भाग सुरू होतो तेव्हा दुसऱ्या ठिकाणी डेटाची प्रत आहेच, असं धरलेलं असतं. पण ती पहिली प्रत आली कुठून? प्रायमरीवर तर लोक काम करतायत. फाईली कॉपी करायला तासभर लागतो आणि त्या तासात डेटा बदलत राहतो. म्हणजे प्रतीचं पहिलं पान दहा वाजताचं, शेवटचं अकरा वाजताचं. अशा खिचडी प्रतीवर लॉग चढवून उपयोग काय?

याचं उत्तर त्याच धड्यात आहे, पण दुसऱ्या भागात. डिस्कच गेली तर काय, या चर्चेत 'डंप' येतो. तिथे पायऱ्या दिल्यात: लॉगच्या नोंदी डिस्कवर उतरवा, मेमरीतले ब्लॉक डिस्कवर उतरवा, पूर्ण डेटाबेसची नक्कल काढा, मग लॉगमध्ये 'डंप झाला' अशी नोंद करा. अट अशी की हे चालू असताना एकही ट्रान्झॅक्शन चालू नको. म्हणजे दुकान बंद ठेवून मालाची मोजदाद. दुकान चालू ठेवून मोजदाद करायची पद्धतही आहे, तिला फझी डंप म्हणतात, एवढं सांगून पुस्तक संदर्भांकडे बोट दाखवतं आणि पुढे जातं.

माझा पहिला आक्षेप इथे आहे. जी पद्धत आज सहसा कोणाला परवडत नाही ती पायरीपायरीने, आणि जिच्यावर जगभरचे स्टँडबाय उभे राहतात ती ओझरती. 'प्रायमरी न थांबवता स्टँडबाय' म्हणजे फझी डंप अधिक लॉग. दोन्ही तुकडे एकाच धड्यात आहेत, पण त्यांची जोडणी विद्यार्थ्याने करायची. मी तीन वाचनांत केली नव्हती. आता करून बघू.

चिखलीच्या एखाद्या आडत दुकानाचा विचार करा. दोन वह्या असतात: रोजकीर्द आणि खतावणी. व्यवहार झाला की आधी कीर्दीत ओळ पडते, मग सवडीने खतावणीत त्या त्या शेतकऱ्याच्या पानावर चढते. कीर्द म्हणजे लॉग, खतावणी म्हणजे डेटा. 'आधी कीर्द, मग खतावणी' हा नियम डेटाबेसवाल्यांनी शोधला असं आपल्याला वाटतं, पण आपले मुनीम तो कधीपासून पाळत आलेत.

आता दुकान चालू असताना खतावणीची दुसरी प्रत काढायची आहे. सुरुवातीला मुनीमजींना सांगायचं, की आत्तापर्यंत कीर्दीत पडलेलं सगळं खतावणीत चढवून घ्या. हा झाला चेकपॉइंट. त्याच्या सुरुवातीला कीर्द ज्या ओळीवर होती तो आकडा टिपून ठेवायचा, समजा ४,२०१. मग निवांत एकेक पान उतरवायचं. तोवर धंदा चालूच. पानं उतरवून संपली तेव्हा कीर्द ४,९५० व्या ओळीवर आलेली. आता ४,२०१ पासूनची प्रत्येक ओळ नव्या प्रतीवर चढवायची. ४,९५० पर्यंत पोचलो की खिचडी निस्तरते आणि प्रत सुसंगत होते. त्याच्या आधी ती प्रत कोणाला दाखवायची नाही. पुढे रोजच्या ओळी चढवत राहिलं की झाला स्टँडबाय.

दोन ठिकाणी फसायला होतं. एक: रामभाऊंचं पान मी उतरवलं तेव्हा त्यावर ओळ ४,५०० आधीच चढलेली होती. मी ती पुन्हा चढवली तर त्यांची ५०० रुपयांची उधारी १,००० होणार. यावर उपाय असा, की प्रत्येक पानाच्या डोक्यावर त्यावर चढलेल्या शेवटच्या ओळीचा क्रमांक लिहायचा. चढवायची ओळ तीच किंवा त्याहून जुनी असेल तर सोडून द्यायची. सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९२ च्या 'एरीज' पेपरमधली ही मध्यवर्ती कल्पना आहे, आणि एरीजवर पुस्तकात स्वतंत्र भाग आहे.

दोन: मी पानाचा फोटो काढला नेमक्या त्या क्षणी मुनीमजींचा हात पानावर होता. वरचा अर्धा भाग नवा, खालचा जुना. डोक्यावरचा क्रमांक सांगतो 'चढलंय', पण खाली चढलेलं नाही. याला फाटकं पान म्हणू. इथे डोक्यावरच्या क्रमांकाचा उपाय तोकडा पडतो. पोस्टग्रेस यावर जरा महागडा पण खात्रीचा इलाज करतं. चेकपॉइंटनंतर एखादं पान पहिल्यांदा बदललं, की फक्त बदल न लिहिता ८ किलोबाइटचं पूर्ण पानच लॉगमध्ये लिहितं. प्रत काढण्याचं काम चालू असताना तर हे सक्तीचं होतं, सेटिंगमध्ये बंद केलेलं असलं तरी. मग लॉग चढवताना फाटक्या पानावर अख्खं नवं पान चिकटवलं जातं आणि गाठ सुटते.

ही दोन पानांची जोडणी पुस्तकात असती तर धडा पूर्ण झाला असता. इंजिनिअरांचा तपशील म्हणून ती सोडून द्यावी असंही नाही. 'हलत्या गोष्टीची स्थिर प्रत कशी काढायची' हा संगणकशास्त्रातला मूलभूत प्रश्न आहे.

'न थांबवता' च्या मागच्या अटी

पुस्तक ठेवून इंटरनेटवरच्या पाककृतींकडे आलं की उलटं टोक दिसतं. तिथे तत्त्व नसतं, फक्त आज्ञा असतात. पीजी-बेसबॅकअप चालवा, झालं. हे साधन २०११ मध्ये पोस्टग्रेसच्या ९.१ आवृत्तीबरोबर आलं, आणि प्रत काढण्याचं वरचं सगळं नाटक ते एका आज्ञेत करतं. प्रायमरी थांबत नाही हेही खरं. पण या दाव्याच्या खाली बारीक अक्षरात काही अटी असायला हव्यात.

पहिली अट: लॉग मुळात पुरेसा लिहिला जात होता का? पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपर्यंत लॉगची पातळी मुळात 'मिनिमल' असायची. तेवढ्यावर स्टँडबाय चालत नाही, आणि पातळी बदलायची तर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. दहाव्या आवृत्तीपासून मूळ पातळीच पुरेशी ठेवली गेली. मायएसक्यूएलमध्ये ८.० च्या आधी बायनरी लॉग मुळात बंद असायचा, तो चालू करायलाही रीस्टार्ट. ओरॅकलचा डेटाबेस आर्काइव्हलॉग मोडमध्ये नसेल, तर तो मोड लावण्यासाठी डेटाबेस आधी बंद करून नुसता माउंट करावा लागतो.

दुसरी अट: दार उघडं आहे का? पोस्टग्रेस मुळात फक्त स्वतःच्या मशीनवरून आलेली जोडणी ऐकतं. बाहेरची ऐकायला लावायची तर पुन्हा रीस्टार्ट. कोणाला आत घ्यायचं त्या यादीत बदल करायला मात्र नुसतं रीलोड पुरतं. आमच्या प्रयोगशाळेत मी एसएसएच बोगदा वापरून ही अट टाळली, म्हणजे अमडापूरचं मशीन प्रायमरीला 'घरातलंच' वाटायचं. चालतं, पण हा जुगाड आहे आणि तो जुगाड म्हणूनच लिहून ठेवायला हवा.

तिसरी अट: 'बंद नाही' म्हणजे 'मंद नाही' असं नव्हे. प्रत काढताना अख्खी डिस्क वाचली जाते, नेटवर्क भरतं, पूर्ण पानं लिहिल्याने लॉग फुगतो. वेगाला मर्यादा घालता येते, पण मग वेळ वाढतो आणि चढवायचा लॉगही वाढतो. ज्या सर्व्हरला आधीच धाप लागलीय, त्याच्या वापरकर्त्याला मंद आणि बंद यातला फरक फारसा जाणवत नाही.

या तिन्ही अटी एकत्र वाचल्या तर कळतं, की डाउनटाईम न घेता स्टँडबाय उभा करणं हे आज सकाळी ठरवून दुपारी करायचं काम नाही. डेटाबेस पहिल्या दिवशी कसा बसवला होता यावर ते अवलंबून असतं. पाककृती हे सांगत नाही, कारण लिहिणाऱ्याच्या मशीनवर त्या अटी आधीच पूर्ण झालेल्या असतात.

दोर दोन्हीकडून ओढतो

आता माझ्या अपघाताकडे येतो. स्टँडबाय मागे पडला तर त्याला लागणारा लॉग प्रायमरीने पुसून टाकू नये, म्हणून पोस्टग्रेसमध्ये २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून 'रेप्लिकेशन स्लॉट' असतो. स्लॉट म्हणजे कीर्दीत घातलेली खूण: इथपर्यंत दुसऱ्याने उतरवून घेतलंय, याच्या पुढची पानं फाडू नका. कल्पना उत्तम. पण अमडापूरची लाईट गेली तेव्हा खूण जागेवरच राहिली आणि कीर्द वाढत गेली. त्याच आठवड्यात ज्युनिअर जुनी रीडिंग्ज नव्याने भरत होता, त्यामुळे लॉग भराभर वाढला. डिस्कवर मोकळे असलेले वीस जीबी चार दिवसांत संपले. लॉग लिहायला जागा नाही म्हटल्यावर पोस्टग्रेसने जे करायला हवं तेच केलं: थांबलं.

फोनवरून ज्युनिअरला पहिली गोष्ट सांगितली, की लॉगच्या फाईलींना हात लावू नको. घाईत त्या हाताने पुसल्या तर डेटाबेस कायमचा जाऊ शकतो. त्याच डिस्कवर पडलेला एक जुना, दुसरीकडे प्रत असलेला डंप काढून जागा केली, सर्व्हर सुरू केला, स्लॉट काढून टाकला, चेकपॉइंट घेतला, मग साचलेला लॉग हळूहळू मोकळा झाला. पक्की झालेली एकही नोंद गेली नाही. पण आमचे मातीतल्या ओलाव्याचे सेन्सर दर मिनिटाला रीडिंग पाठवतात आणि सर्व्हरने घेतलं नाही तर पुन्हा पाठवत नाहीत. दोन तास चाळीस मिनिटांची रीडिंग्ज कुठेच नाहीत. ज्युनिअरच्या आलेखात तिथे आता एक मोकळी फट आहे, आणि तिच्याबद्दल प्रबंधात एक ओळ त्याला माझ्यामुळे लिहावी लागणार आहे.

स्लॉटने किती लॉग अडवून धरावा याला मर्यादा घालता येते. ती सोय २०२० च्या तेराव्या आवृत्तीत आली. पण मुळात ती 'अमर्याद' असते. मर्यादा घातली आणि ओलांडली, तर स्लॉट बाद होतो आणि स्टँडबाय पहिल्यापासून उभा करावा लागू शकतो. म्हणजे निवड साधी आहे: संकटात दोघांपैकी आधी कोणी पडायचं? मी ती निवड केलीच नव्हती, म्हणून सॉफ्टवेअरने माझ्या वतीने केली.

माझा दुसरा आणि मोठा आक्षेप इथे आहे. पुस्तक स्टँडबायला रक्षक म्हणून पाहतं. टू-व्हेरी-सेफमध्ये एक पडला की दोघे अडतात, हे ते सांगतं. पण हे अवलंबन फक्त कमिटपुरतंच आहे असा समज वाचकाचा होतो. मी तर वन-सेफवर होतो. पुस्तकाच्या हिशोबाने स्टँडबाय गेल्याने प्रायमरीला काही व्हायला नको होतं. पण दोघांमध्ये दोर बांधला की तो कुठून तरी ओढतोच: कधी कमिटमधून, कधी डिस्कच्या जागेतून, कधी नेटवर्कमधून.

हे फक्त एका प्रयोगशाळेचं आणि एका जुन्या डेस्कटॉपचं दुखणं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. मुंबईत, २४ फेब्रुवारी २०२१ ला, नॅशनल स्टॉक एक्सचेंजचं कामकाज सकाळी ११.४० च्या सुमारास थांबलं आणि दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झालं. त्या दिवशी बाजार संध्याकाळी ५ पर्यंत चालवावा लागला. एक्सचेंजकडे मुंबईतच जवळचं राखीव केंद्र होतं आणि दूर चेन्नईतही होतं. त्यांनी नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार दूरसंचार जोडण्या बिघडल्या, त्याचा परिणाम प्राथमिक केंद्रातल्या साठवण यंत्रणेवर झाला, ती सर्व्हरना मिळेनाशी झाली आणि क्लिअरिंगची जोखीम सांभाळणारी यंत्रणा बंद पडली. ते लॉग पाठवण्याचं प्रकरण नव्हतं, त्यामुळे माझ्या स्लॉटशी त्याची थेट तुलना करू नका. पण नमुना ओळखीचा आहे: बिघाड जोडणीत, फटका प्राथमिक केंद्राला. आणि राखीव केंद्र असूनही त्या दिवशी कामकाज तिकडे हललं नाही.

त्यानंतर मार्च २०२१ मध्ये सेबीने वेळ बांधून दिली: महत्त्वाची यंत्रणा कोलमडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करा आणि त्यानंतर ४५ मिनिटांत राखीव केंद्रावरून काम सुरू करा. शनिवारी, २ मार्च २०२४ ला शेअर बाजारांनी खास सत्र भरवलं आणि त्याच दिवशी अर्धं काम मुख्य केंद्रावरून, अर्धं राखीव केंद्रावरून करून दाखवलं. पुस्तकातले 'कळणार कसं' आणि 'सूत्रं जाणार कशी' हे दोन प्रश्न तंत्राइतकेच माणसांचे आहेत. हलायचं हे कोण ठरवणार, किती मिनिटांत ठरवणार, आणि त्याने ते आधी कधी करून पाहिलंय का?

तुम्ही हे कसं वाचाल

पाठ्यपुस्तकाने सगळं सांगावं ही अपेक्षा चुकीची आहे. त्याचं काम तत्त्व देण्याचं, आणि ते काम हा धडा करतो. माझं म्हणणं इतकंच, की पहिली प्रत कशी येते आणि जोडलेल्या दोन यंत्रणा एकमेकांना कशा पाडतात, हीसुद्धा तत्त्वंच आहेत, आणि पुढच्या आवृत्तीत त्यांना दोन पानं मिळायला हवीत.

तोवर ती दोन पानं तुम्ही स्वतः लिहा. लॅपटॉपवर पोस्टग्रेस बसवा, पीजीबेंचने त्यावर सतत भार टाका, आणि तो चालू असताना त्याच मशीनवर दुसऱ्या पोर्टला स्लॉटसकट स्टँडबाय उभा करा. प्रत काढण्याच्या आधी, दरम्यान आणि नंतर सेकंदाला किती ट्रान्झॅक्शन झाले ते लिहून ठेवा. मग स्टँडबाय बंद करा, भार चालू ठेवा, आणि लॉगची डिरेक्टरी दर पाच मिनिटांनी किती फुगते ते बघा. एका दुपारचं काम आहे. यातून आलेले आकडे तुमचे स्वतःचे असतील.

आणि कुठलाही पेपर 'अमुक न थांबवता तमुक करता येतं' म्हणाला, की समासात तीन प्रश्न लिहा. सुरुवातीची स्थिती कुठून आली? खर्च कोणाच्या माथी पडला? आणि नवं जोडलेलं बिघडलं तर जुन्याचं काय होतं?

मी आता स्लॉटला मर्यादा घातली आहे, डिस्क ७० टक्के भरली की मोबाईलवर मेसेज येतो, आणि महिन्यातून एकदा आम्ही खरोखर स्टँडबायवर जाऊन काम करून बघतो. अमडापूरचा डेस्कटॉप अजून चालू आहे. परवा पुन्हा लाईट गेली, तेव्हा आधी प्रयोगशाळेत फोन केला, मग मेणबत्ती शोधली.